जेवणाआधी, जेवणानंतर, जेवणाऐवजी

टाइप दोनच्या मधुमेहावर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांविषयी जे ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यांत रुग्ण या नावाचा एक आदर्श प्राणी वावरत असतो. तो सकाळी आठला न्याहारी करतो, दुपारी एकला जेवतो, रात्री आठला पुन्हा जेवतो, मधल्या काळात त्याच्या दारी पाहुणे येत नाहीत, त्याच्या भावकीत लग्न निघत नाही आणि त्याच्या विहिरीवरच्या मोटारीला रात्री दोन वाजता वीज मिळत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीत आणि तिच्यासारख्या गावांत या प्राण्याचा अधिवास अद्याप आढळलेला नाही. तेथे जो आढळतो तो वेगळ्या जातीचा असून, गोळी हे औषध नसून खाण्याचा परवाना आहे अशी त्याची ठाम धारणा असते, आणि परवाना खिशात असल्यावर तो वापरायचा नाही तर काढला कशाला, असा त्याचा पुढचा युक्तिवाद असतो.

या धारणेला भूगोलाचाही थोडा हातभार आहे. उत्तरेला सातपुडा आणि मधून वाहणारी तापी यांच्या आधाराने वसलेल्या या जिल्ह्यात ऊस, केळी आणि पपई ही पिके जोमाने येतात, शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सहकारी साखर कारखाना आहे, आणि नंदुरबारचा मिरचीबाजार प्रसिद्ध असला तरी मिरची खाऊन तोंड भाजल्यावर गुळाचा खडा लागतोच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. तेव्हा जो समाज दिवसा साखर पिकवतो आणि रात्री ती उतरवण्याची गोळी घेतो, तो एकटा कळसाडीचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

टाइप दोनच्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयार करते, पण पेशी त्याला जुमानेनाशा होतात आणि पुढे स्वादुपिंडही थकत जाते, त्यामुळे रक्तात साखर साचून राहते. यावर बहुतेक वेळा पहिल्यांदा दिले जाणारे औषध म्हणजे मेटफॉर्मिन. ते १९२२ साली डब्लिनमध्ये प्रथम तयार झाले, आणि मग पस्तीस वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहून १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच वैद्याने ते मधुमेहींना दिल्याचे प्रसिद्ध केल्यावर त्याचे नशीब उघडले. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताला रक्तात साखर सोडण्यापासून आवरते, ते स्वादुपिंडाला चाबूक मारत नाही, म्हणून एकट्याने घेतले असता साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली नेण्याची शक्यता कमी असते. त्याचा परिणाम काही दिवसांत हळूहळू चढतो. ही शेवटची बाब मात्र लग्नाच्या पंगतीत कोणीच लक्षात घेत नाही. तेथे जिलेबीच्या तिसऱ्या वेढ्यानंतर आबा सदऱ्याच्या खिशातून स्ट्रिप काढतात आणि शेजारच्याला समजावून सांगतात, "आज अर्धी जास्त घेऊन टाकतो, म्हणजे हिशेब बरोबर." जिलेबी तासाभरात रक्तात पोहोचलेली असते, जास्तीची अर्धी गोळी तिचा पाठलाग करण्याऐवजी पोटात मुक्काम ठोकते, आणि वऱ्हाड परत निघते त्या वेळी आबांचा हिशेब शौचालयाच्या दिशेने चुकता होऊ लागतो. जेवणासोबत घ्यावी, कमी मात्रेने सुरू करावी आणि हळूहळू वाढवावी हे मेटफॉर्मिनचे नियम याच कारणासाठी आहेत, परंतु नियम आणि पंगत एका पाटावर बसलेली कोणी पाहिलेली नाहीत.

मेटफॉर्मिनच्या बऱ्याच गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या म्हणजे 'एसआर' प्रकारच्या असतात. त्या दिवसभर थोडेथोडे औषध सोडत राहतात, म्हणून त्या चावायच्या किंवा कुटायच्या नसतात. पण गोळी आकाराने हरभऱ्याच्या घाट्याएवढी दणकट असल्याने आजीच्या घशातून उतरत नाही, आणि सुनेला सासूची दया आली की खलबत्ता बाहेर निघतो. दिवसभराचे औषध अशा रीतीने एका घोटात जाते, आणि पूड कडू लागते म्हणून ती गुळाच्या खड्यासोबत दिली जाते. याच गोळीविषयी दुसरी एक तक्रार असते, जी पुरुष मंडळी आरोग्य केंद्रात आवाज खाली आणून मांडतात: गोळी सकाळी जशीच्या तशी बाहेर आली, म्हणजे पैसे पाण्यात गेले. वस्तुतः जे बाहेर येते ते काही वेळा गोळीचे रिकामे कवच असते, आतले औषध केव्हाच शरीरात उतरलेले असते; पण ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला कानांनी ऐकलेले पटत नाही.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी '१-०-१' असे लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, असा त्याचा सरळ अर्थ. तथापि मधले शून्य म्हणजे दुपारी जेवायचे नाही, असा अन्वयार्थ लावून आठ दिवस दुपारी उपाशी राहणारा एखादा निष्ठावंत निघतोच. त्याहून अवघड प्रश्न 'सकाळ' म्हणजे कोणती हा आहे. शेतीपंपाला वीज कधी दिवसा तर कधी रात्री मिळते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात केळीला पाणी देऊन पहाटे झोपलेला शेतकरी अकरा वाजता उठतो, तेव्हा त्याची सकाळ झालेली असते, पण घड्याळाची टळलेली असते. 'न्याहारीच्या आधी' या शब्दांवरही मतभेद आहेत. बशीभर चहा आणि दोन खारी ही न्याहारी होय असे एक मत आहे, आणि भाकरी पोटात गेल्याशिवाय न्याहारी झाली असे म्हणता येत नाही असे दुसरे. दोन्ही मतांचे अनुयायी एकाच ओट्यावर बसतात आणि दोघांच्याही हातात चहाच असतो.

मेटफॉर्मिनच्या बाबतीत हा वाद फार तर पोट बिघडवतो, पण ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांच्या बाबतीत तो माणसाला बांधावर आडवा पाडू शकतो. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणून त्या दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत किंवा त्याच्या थोडे आधी घ्यायच्या आणि त्यानंतर जेवण टाळायचे नाही, असा दंडक आहे. या गटाचा शोधच मुळी अपघाताने लागला. १९४२ साली फ्रान्समधील मोंपेलिए येथे मार्सेल जांबों हे विषमज्वराच्या रुग्णांना सल्फा जातीचे एक नवे औषध देऊन पाहत होते, आणि ताप राहिला बाजूला, रुग्णांची साखरच उतरू लागली. ज्या औषधाची ओळखच भलत्या परिणामामुळे झाली, त्याने कळसाडीच्या शिवारात बशीभर चहावर आलेल्या माणसाला दुपारी बाराच्या उन्हात घाम फोडला, हातपाय थरथरवले आणि असंबद्ध बोलायला लावले, तर त्यात नवल नाही. नवल आहे ते भोवती जमलेल्या मंडळींच्या निदानाचे. कोणी म्हणते ऊन लागले, कोणी म्हणते बाहेरचे आहे, आणि जो सर्वांत अनुभवी असतो तो तोंडाचा वास घेऊन म्हणतो, "सकाळीच घेतली वाटते."

साखर उतरली असता करायचा उपाय वैद्यकशास्त्रातील सर्वांत स्वस्त उपायांपैकी एक आहे: माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे, बरे वाटल्यावर भाकरी किंवा असेच काही खायला द्यायचे, कारण या गोळीचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा खाली येऊ शकते, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ वर फोन करायचा. परंतु ज्या घरात आबांपासून साखरेचा डबा वाचवण्यासाठी पाच वर्षे घरादाराची बुद्धिमत्ता पणाला लागलेली असते, तेथे ऐन वेळी तो डबा सापडत नाही. तो सापडला तरी सूनबाई तो छातीशी धरून उभी राहते.

"साखर द्या लवकर."

"शुगरवाल्या माणसाला साखर? तुम्हीच तर बंद सांगितली होती."

मग तडजोड म्हणून मेथीचे पाणी पुढे येते. कारल्याचा रस आणायला धावणाराही एखादा असतो, आणि आबा आयुष्यात पहिल्यांदा साखर मागण्याचा वैद्यकीय अधिकार असताना ती न मिळाल्याने घामाघूम होऊन पडून राहतात. यातली खरी मेख व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांच्या वाट्याला येते. ही औषधे जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्यायची असतात आणि आतड्यांत पिष्ट पदार्थांचे व साखरेचे विघटन लांबवतात; त्यामुळे अशा माणसाला नेहमीची साखर दिली तर ती फुटून रक्तात पोहोचायला वेळ लागतो, त्याला ग्लुकोजची पूडच द्यावी लागते. गोळ्या कपाटात असतील तर शेजारी ग्लुकोजचे पाकीटही असावे, हे साधे आहे. पण ते पाकीट घरात आले की नातवंडे ते तळहातावर घेऊन चाटून संपवतात. व्होग्लिबोज-अकार्बोजने पोटात वायू धरतो, हेही येथेच सांगितलेले बरे, कारण भजनी मंडळात बसणारे काही सभासद पखवाजाच्या जवळची जागा का पसंत करतात याचा उलगडा अन्यथा होत नाही.

गोळ्यांची साठवण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रत्येक घरात खुंटीला एक कॅरीबॅग लटकलेली असते आणि तिच्यात नंदुरबारच्या डॉक्टरांनी दिलेल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळालेल्या, जनऔषधी केंद्रातून स्वस्तात आणलेल्या आणि सुरतेला कामाला असलेल्या मुलाने तिकडून पाठवलेल्या स्ट्रिपा गुण्यागोविंदाने नांदत असतात. त्यांतल्या तिघींची नावे वेगळी आणि पोटातला माल एकच असतो. कंपनीने दिलेले ठळक नाव निराळे असले तरी खाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते, आणि ते वाचल्याशिवाय एकच ग्लिमेपिराइड दोन नावांनी दोनदा पोटात जाण्याचा धोका टळत नाही. पण ही अक्षरे वाचायला जो चष्मा लागतो, तो त्या कॅरीबॅगेच्या तळाशी असतो. शिवाय नाना गोळी नावाने ओळखत नाहीत, रंगाने ओळखतात, आणि दुकानदाराकडे तोच रंग मागतात.

"पिवळी द्या, लांबट."

"नाना, ती कंपनी आता येत नाही. हीच आहे, पण पांढरी."

"पांढरी तर बीपीची असते."

"नाही हो, हीपण शुगरचीच."

"मग दोन्ही द्या. कोणतीतरी लागू पडेल."

दुकानदाराने स्ट्रिप कात्रीने कापून पाचच गोळ्या दिल्या, तर औषधाचे नाव आणि मुदत संपल्याची तारीख बहुधा दुकानात राहिलेल्या तुकड्यावर जाते. यावर शेजारधर्माची भर पडते. एखाद्याला एखादी गोळी मानवली की ती तो ओट्यावर बसून तंबाखूच्या चिमटीसारखी वाटू लागतो. घेणाऱ्याच्या मूत्रपिंडाची परिस्थिती काय आहे हे त्याला ठाऊक नसते, घेणाऱ्यालाही नसते, कारण क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा करावी लागते हे दोघांनाही कोणी सांगितलेले नसते, किंवा सांगितले तेव्हा दोघेही गोळीच्या किमतीची घासाघीस करत होते. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर मेटफॉर्मिन वर्ज्य ठरते, आणि त्याच्या जोडीला मोहाची दारू असेल तर रक्तातले आम्ल वाढण्याचा धोका दुणावतो. रिकाम्या पोटी मोहाची आणि वरून ग्लिमेपिराइड, हा योग तर टाळावाच. सातपुड्यातल्या बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी, जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस यांची भक्ती करणारे पुष्कळ आहेत. ही भक्ती डॉक्टरांपासून लपवली जाते आणि डॉक्टरांची गोळी वैदूपासून, त्यामुळे उतरलेल्या साखरेचे श्रेय नेमके कोणाचे याचा निकाल लागत नाही.

उपवासाने या सर्व शास्त्राची परीक्षा पाहिली जाते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण मधुमेहासाठी जन्मली नसावी, पण त्याला चपखल बसते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्याला भगर, रताळी आणि बटाट्याची साथ. या ताटाला भाकरीपेक्षा हलके मानण्याचे धाडस धर्मशास्त्रच करू शकते. गोळीच्या दृष्टीने उपवास करणारे दोन प्रकारचे असतात. एक जण आज अन्न नाही म्हणून गोळीही नाही असे ठरवून खिचडीच्या दोन वाट्या संपवतो. दुसरा खरोखर निर्जळी करतो आणि देवाच्या कामात औषधाची हयगय नको म्हणून ग्लिमेपिराइड मात्र वेळेवर घेतो. उपवास धरण्याआधी, रमजानच्या रोज्यांचे तसेच, डॉक्टरांना विचारून मात्रा आणि वेळा बदलून घ्याव्या लागतात. पण डॉक्टरांना विचारले तर ते उपवास नको म्हणतील, आणि देवाला विचारले तर तो काहीच म्हणत नाही, म्हणून सल्ला देवाचाच घेतला जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात पुरणाचे मांडे आणि आमरस होतो, आणि त्या दिवशी अहिराणीत एकच प्रश्न घरोघरी ऐकू येतो.

"आबा, गोई लिधी का?"

"लिधी ना माय. वाढ रस."

येथे ज्यांनी हसावे अशी अपेक्षा आहे, त्या अभ्यासकांचेही वर्तन नमूद करणे न्यायाचे होईल: मधुमेहावर व्याख्यान द्यायला बोलावलेल्या विद्वानाचे स्वागत गावोगावी पेढ्याने होते, आणि तो पेढा परत गेल्याचे कोणी पाहिलेले नाही.

अलीकडच्या गोळ्यांनी गोंधळात गुणात्मक भर घातली आहे. डॅपाग्लिफ्लोझिन गटातील औषधे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा लघवीत साखर दिसणे हे त्या औषधाचे काम चालू असल्याचे लक्षण असते. पण जुन्या वैद्यांपासून मुंग्या लागल्या की मधुमेह बळावला असे ऐकत आलेला माणूस मुंग्या पाहताच औषध बंद करतो. या गोळीवर असताना पाणी भरपूर प्यावे, स्वच्छता राखावी, आणि उलट्या-जुलाब, ताप किंवा कडक उपवास असेल तेव्हा ती थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, आणि अंगातले पाणी आटले असता मेटफॉर्मिनविषयीही तसेच विचारावे, हे नंदुरबारच्या मे महिन्यात विशेष महत्त्वाचे ठरते. भारतात २०२२ पासून मिळणारी सेमाग्लुटाइडची गोळी तर सकाळी रिकाम्या पोटी अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नाही अशा अटीवर येते; चूल पेटल्यापासून अर्धा तास चहाशिवाय बसवेल असा माणूस खानदेशात शोधावा लागेल, आणि तो सापडला तर त्याला गोळीचा खर्च परवडणार नाही.

तपासणीच्या दिवशी गाव अचानक सदाचारी होते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची चौकशी करत आशाताई अर्ज भरायला येणार म्हटले की आदल्या तीन दिवसांत केळीच्या बागांमधून भल्या पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी होते, रात्रीचे जेवण गाळले जाते आणि जेवणानंतरच्या तपासणीला 'जेवण' म्हणून अर्धी भाकरी खाल्ली जाते. नेहमीच्या गोळ्या घेऊन, नेहमीचे जेवण जेवून तपासले तरच औषध पुरेसे आहे की नाही हे कळते. पण रिपोर्ट खरा यावा यापेक्षा चांगला यावा ही इच्छा माणसाला शाळेपासूनची असते. म्हणूनच 'एचबीएवनसी' ही तपासणी अस्तित्वात आली, जिला तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचे सगळे आठवते आणि तीन दिवसांचा सदाचार दिसत नाही. मात्र नंदुरबारच्या बाबतीत या चहाडखोर तपासणीलाही मर्यादा आहे. जिल्ह्यात आदिवासी वस्ती मोठी आणि सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने, ज्यांच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात त्यांच्यात हा आकडा खोटाच कमी दिसू शकतो, आणि १ जुलै २०२३ पासून चाललेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे कार्ड ज्याच्याकडे आहे त्याने ते साखर तपासताना दाखवणे शहाणपणाचे ठरते. बहुतेक जण ते कार्ड रेशनकार्डाच्या प्लास्टिकात ठेवून रेशनच्या दुकानात दाखवतात. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे ब १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही अशी बधिरता आली तर दोष सगळा मधुमेहावर न टाकता तेही तपासावे लागते; चप्पल मात्र नेहमीच कुत्र्याने नेलेली असते.

राहता राहिला तो संप्रदाय, ज्याचे अनुयायी सर्वांत जास्त आहेत. त्यांचा आकडा नॉर्मल येतो, ते देवापुढे नारळ फोडतात, गोळी बंद करतात, आणि चार महिन्यांनी जड पावलांनी पुन्हा आरोग्य केंद्राच्या बाकावर येऊन बसतात.

"गोळी बंद का केली, आप्पा?"

"नॉर्मल आली होती ना. मग बऱ्या माणसाने गोळी कशाला खायची?"

"ती गोळीमुळेच नॉर्मल होती. आता पाहा, तीनशे दहा."

आप्पा रिपोर्ट उलटा-सुलटा करून पाहतात, घडी घालून खिशात ठेवतात आणि डॉक्टरांकडे काहीशा सहानुभूतीने बघत म्हणतात, "म्हणजे तुमची ती गोळी टिकाऊ नव्हती. या खेपेला जरा चांगल्या कंपनीची द्या."